सिंगल सिलिंडर केटीएमवर चार सिलिंडरवाल्यांना गाठायचंय? मग इंजिनाचं काम या क्रमाने करा

स्पर्धा जवळ आली की फॉर्म्युला स्टुडंटच्या (कॉलेजची मुलं स्वतः छोटी रेस कार बनवून उतरतात ती स्पर्धा) टीम्सकडून तेच प्रश्न यायला लागतात. टर्बो कुठला बसवू, कॅम कुठे ग्राइंड करून मिळेल, पिस्टन बदलून कॉम्प्रेशन किती वाढवता येईल. आणि विचारणाऱ्या टीमकडे स्वतःच्या इंजिनाचा एक धड डायनो ग्राफ (पॉवर मोजायच्या मशीनवरचा आलेख) नसतो, ऑइल प्रेशरचा लॉग नसतो, प्लेनम (इंजिनात जायच्या आधी हवा साठवणारा डबा) कुठल्या हिशोबाने बनवलाय ते सांगता येत नाही. पार्ट चुकत नाहीत, क्रम चुकतो. म्हणून हा लेख क्रमाबद्दलच आहे, आणि प्लीज मधले टप्पे गाळू नका, कारण प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्याच्या आकड्यांवर उभा आहे.

लेख कोणासाठी? केटीएम ३९० चं इंजिन वापरणाऱ्या टीम्ससाठी, म्हणजे जुनं ३७३ सीसीचं, ८९ मिमी बोअर आणि ६० मिमी स्ट्रोक. हे इंजिन आपल्या चाकणला बनतं, पार्ट मिळतात, काम येणारे मेकॅनिक मिळतात, त्यामुळे महाराष्ट्रातल्या बऱ्याच टीम्स तेच घेतात, आणि मग कोइम्बतूरला कारी मोटर स्पीडवेवर फॉर्म्युला भारतला (याच स्पर्धेच्या भारतातल्या इव्हेंटला) गेल्यावर शेजारच्या पिटमध्ये ६०० सीसीचं चार सिलिंडर इंजिन बघून घाबरतात. नवीन ३९९ सीसीचं इंजिन असेल तर स्ट्रोक वेगळा आहे, तेव्हा खालचे आकडे स्वतः परत काढा, क्रम तोच राहील.

## टप्पा १: स्पॅनर हातात घेण्याआधी गणित

नियमाप्रमाणे पेट्रोल गाडीत इंजिनाची सगळी हवा २० मिमीच्या एका गोल भोकातून, म्हणजे रिस्ट्रिक्टरमधून, जायला हवी. या भोकातून हवा जास्तीत जास्त किती जाऊ शकते ते ठरलेलं आहे, कारण घशात हवेचा वेग आवाजाच्या वेगाला पोचला की पुढे कितीही ओढा, जास्त हवा येत नाही. समुद्रसपाटीला ही मर्यादा सेकंदाला साधारण ७४ ग्रॅम निघते, कोइम्बतूरच्या उंचीवर ७० च्या आसपास धरा.

आता तुमचं इंजिन किती हवा मागतं ते बघा. ९००० आरपीएमला सेकंदाला ७५ वेळा सक्शन होतं, प्रत्येक वेळी ३७३ सीसी, म्हणजे सेकंदाला २८ लिटर, वजनात ३० ग्रॅमच्या थोडं वर. मर्यादेच्या निम्मंसुद्धा नाही! ६०० सीसीचं चार सिलिंडर इंजिन १२००० आरपीएमला याच हिशोबाने सेकंदाला ६०-६५ ग्रॅम मागतं, म्हणजे ते रिस्ट्रिक्टरच्या छताला जवळपास टेकलेलं आहे.

मग सिंगलला रिस्ट्रिक्टरचा त्रासच नाही का? आहे, आणि इथेच बहुतेक टीम्स फसतात. वरचा आकडा सरासरी आहे. सिंगल सिलिंडर पूर्ण सायकलच्या साधारण एक तृतीयांश वेळातच हवा ओढतं, बाकी वेळ इनटेक व्हॉल्व्ह बंद असतो, म्हणजे ओढताना ती मागणी तिप्पट होते, ९० ग्रॅमच्याही पुढे, आणि तेवढ्या क्षणापुरता रिस्ट्रिक्टर चोक होतो. चार सिलिंडरमध्ये एकाचं संपलं की दुसऱ्याचं सुरू होतं त्यामुळे त्यांचा प्रवाह सलग असतो. आपल्याला तो सलगपणा प्लेनममधून तयार करायचाय. तुमच्या इंजिनाचं निम्मं रीडिझाइन या एका वाक्यात आहे, कॅम-पिस्टन नंतरची गोष्ट.

दुसरं गणित मार्कांचं. १००० पैकी एन्ड्युरन्स (२२ किलोमीटरची लांब शर्यत) आणि एफिशियन्सी (पेट्रोल किती कमी लागलं) मिळून चारशेच्या आसपास जातात, ॲक्सलरेशनला त्याच्या पाव भागाइतकेसुद्धा कधी कधी नसतात (चालू वर्षाचं रूलबुक उघडून नेमका आकडा बघा, दरवर्षी थोडं बदलतं). पीक पॉवरमध्ये तुम्ही ६०० ला गाठणार नाही, हे आजच मान्य करा. गाठायचं ते लॅप टाइममध्ये आणि फिनिश लाइनवर, कारण तुमचं इंजिन साधारण वीसेक किलोने हलकं आहे, पेट्रोल कमी पितं आणि त्या ट्रॅकवर गाडी ११० च्या पुढे फारशी जातच नाही. ओरेगॉन आणि जर्मनीच्या मुलांची ग्लोबल फॉर्म्युला रेसिंग टीम २०१० मध्ये मिशिगनला पहिली आली ती ४५० सीसीच्या सिंगलवर, तेव्हा सिंगल म्हणजे हरलोच असं डोक्यातून काढून टाका.

तपासा: एका कागदावर तीन ओळी लिहा. कुठल्या आरपीएम रेंजमध्ये टॉर्क हवा, इंजिनाचं एकूण वजन किती चालेल, २२ किलोमीटरला पेट्रोल किती. हे लिहिता येत नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: बेसलाइन, आणि ती खरी बेसलाइन

बहुतेक टीम्सचं इंजिन ॲक्सिडेंट झालेल्या बाइकचं असतं, काही गैर नाही. पण ते जसं आलं तसं फ्रेममध्ये बसवून त्याच्यावर डेव्हलपमेंट सुरू करणं म्हणजे वेळेची माती. आधी हे एवढं, याच क्रमाने:

१. कॉम्प्रेशन टेस्ट आणि लीक-डाउन टेस्ट, दोन्ही. कॉम्प्रेशन चांगलं आलं तरी लीक-डाउन कराच, कारण हवा रिंगमधून जाते की व्हॉल्व्हमधून ते फक्त तीच सांगते. क्रँककेसच्या ब्रीदरला कान लावा, मग एक्झॉस्टला, मग इनटेकला.

२. व्हॉल्व्ह क्लिअरन्स सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे, इंजिन पूर्ण थंड असताना.

३. पुढच्या स्प्रॉकेटचा शाफ्ट हाताने हलवून बघा आणि डायल गेज लावून रनआउट बघा, पडलेल्या बाइकमध्ये मार इथेच बसलेला असतो.

४. नवीन प्लग, नवीन ऑइल, नवीन फिल्टर, आणि मग डायनो.

डायनोवर एक पुल (फुल थ्रॉटलवर खालच्या आरपीएमपासून वरपर्यंतची एक धाव) काढून ग्राफचा फोटो ग्रुपवर टाकला म्हणजे बेसलाइन झाली असं नाही. किमान तीन पुल, प्रत्येक वेळी पाण्याचं तापमान सारखं, इनटेकचं तापमान लिहिलेलं, हवेचा दाब लिहिलेला, टायर प्रेशर लिहिलेलं. तीन ग्राफ एकमेकांवर ठेवले तर फरक एक-दोन टक्क्यांच्या आत पाहिजे. तीन पुलमध्येच दोन हॉर्सपॉवरचा फरक येत असेल तर उद्या नवीन रनरने (प्लेनमपासून इंजिनापर्यंतच्या नळीने) मिळालेला एक हॉर्सपॉवर तुम्हाला दिसणार कसा? अशा वेळी क्लच घसरतोय का, टायर रोलरवर सरकतोय का, चेन किती घट्ट आहे हे शोधा.

बेसलाइन दोनदा काढा, एकदा स्टॉक एअरबॉक्सवर रिस्ट्रिक्टरशिवाय, एकदा मागच्या वर्षीच्या इनटेकवर रिस्ट्रिक्टरसकट. या दोन ग्राफमधलं अंतर म्हणजे तुम्ही परत मिळवू शकता ती पॉवर. बऱ्याच टीम्सना पहिल्यांदा कळतं की मागच्या वर्षीचा इनटेकच चार-पाच घोडे खात होता.

सावध: वेगवेगळ्या डायनोचे आकडे एकमेकांशी लावू नका. सीझनभर एकच डायनो, एकच करेक्शन.

## टप्पा ३: तेल. हो, पॉवरच्या आधी तेल

हा टप्पा सगळ्यात जास्त गाळला जातो आणि सगळ्यात जास्त इंजिनं यामुळेच मरतात. म्हणून इथे जरा थांबतो.

बाइक वळणावर झुकते. झुकल्यामुळे सगळा जोर बाइकच्याच उभ्या रेषेत येतो आणि सम्पमधलं (इंजिनाच्या तळाच्या भांड्यातलं) तेल सम्पच्या तळाशीच राहतं. तेच इंजिन तुम्ही गाडीत उभं बोल्ट केलंत, आणि चांगल्या टायरवर १.४ जी लॅटरल (वळणात बाजूला लागणारा, वजनाच्या १.४ पट जोर) काढलात, तर तेलाचा पृष्ठभाग जवळजवळ ५४ अंशांनी तिरका होतो. सम्पमध्ये तेल दोन लिटरपेक्षाही कमी, ते सगळं एका भिंतीला चढून बसतं आणि पिकअप, म्हणजे पंपासाठी तेल ओढणारं तोंड, हवा ओढायला लागतो. आठ हजार आरपीएमला अर्धा सेकंद जरी असं झालं तरी क्रँक ६६-६७ फेरे तेलाशिवाय मारतो. स्किडपॅडमध्ये (गोल फेऱ्यांच्या टेस्टमध्ये) तर तुम्ही सलग काही सेकंद एकाच बाजूला वळत असता! मग बिग एंड बेअरिंग जातं आणि टीम म्हणते इंजिन नाजूक आहे. इंजिन नाजूक नाहीये, त्याला प्यायला मिळत नाहीये.

काय करायचं:

१. स्टॉक इंजिनात ऑइल प्रेशरचा फक्त स्विच असतो, तो काही कामाचा नाही. गॅलरीला ० ते १० बारचा ॲनालॉग सेन्सर लावा आणि सेकंदाला किमान ५० वेळा लॉग करा.

२. पार्किंगमध्ये कोन लावून दोन्ही बाजूंना गोल गोल चालवा, मग लॉगमध्ये एका अक्षावर लॅटरल जी आणि दुसऱ्यावर प्रेशर असा ठिपक्यांचा ग्राफ काढा, आरपीएम ६००० च्या वरचे ठिपकेच घ्या. ठिपके आडव्या पट्ट्यात राहिले तर ठीक. एका बाजूला शेपूट खाली उतरली असेल तर पिकअप त्या बाजूला उघडा पडतोय.

३. सम्पमध्ये बॅफल प्लेट, आणि त्यात एकाच दिशेला उघडणारी झडप, म्हणजे तेल पिकअपकडे येईल पण परत जाणार नाही. शीट मेटलचं काम आहे, भोसरीत कुठल्याही फॅब्रिकेशनच्या शॉपमध्ये होतं. पण वेल्डचे कण आत राहू देऊ नका, दोनदा धुवा, आणि पिकअपच्या जाळीपासून अंतर मॅन्युअलच्या मापाने ठेवा.

४. बॅफल करूनही शेपूट राहिली तरच ड्राय सम्प, म्हणजे तेल वेगळ्या टाकीत ठेवायची पद्धत. ते वजन, पंप, टाकी, पाइप सगळं घेऊन येतं, उगाच त्यात पडू नका.

सावध: सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी खाली आणायला इंजिन मागे किंवा पुढे तिरकं करून बसवायची फॅशन आहे. स्टॉक कोन बदलला की तेलाची पातळी, पिकअपची जागा, ब्रीदर सगळं बदलतं. कोन बदलायचाच असेल तर तो या टप्प्यात ठरला पाहिजे, चासी वेल्ड झाल्यावर नाही. आणि तेल जास्त भरून प्रश्न सुटत नाही, क्रँक तेलात फिरायला लागतो, पॉवर जाते आणि कॅच कॅन (ब्रीदरमधून येणारं तेल धरणारा डबा) भरून वाहतो.

पाण्याचंही इथेच बघून घ्या. नियमाने कूलंट चालत नाही, साधं पाणीच वापरायचं, त्यामुळे रेडिएटर कॅपचं प्रेशर टिकतंय का हे टेस्टरवर बघा, कॅप ढिली असेल तर पाणी लवकर उकळतं. रेडिएटरकडे हवा आणणारा डक्ट कडेने नीट बंद हवा, नाहीतर हवा बाजूने निघून जाते आणि मोठा रेडिएटर लावूनही तापमान उतरत नाही.

## टप्पा ४: रिस्ट्रिक्टर, प्लेनम, रनर

आता पॉवर. नॅचरली ॲस्पिरेटेड गाडीत क्रम ठरलेला आहे, आधी थ्रॉटल, मग रिस्ट्रिक्टर, मग इंजिन.

थ्रॉटल बॉडी. स्टॉक ४६ मिमीची आहे. तिचं क्षेत्रफळ रिस्ट्रिक्टरच्या पाचपटीहून जास्त होतं, म्हणजे बटरफ्लाय थोडाच उघडला की पुढच्या पेडलला काही अर्थच उरत नाही, ड्रायव्हरला ऑन-ऑफ स्विच मिळतो आणि कॉर्नर एक्झिटला गाडी फेकते. २८ ते ३२ मिमीची बॉडी घ्या, किंवा थ्रॉटलच्या पुलीला असा आकार द्या की सुरुवातीला हळू उघडेल. याने पीक पॉवर वाढत नाही पण लॅप टाइम नक्की उतरतो.

रिस्ट्रिक्टर. ॲल्युमिनियममध्ये सीएनसीवर करा. घसा १९.९५ ते १९.९८ मिमी ठेवा, २० च्या नादात २०.०२ झालं तर स्क्रुटिनीला (नियमांच्या तपासणीला) बाहेर, आणि १९.९५ ने क्षेत्रफळ फक्त अर्धा टक्का कमी होतं. आत येणारा कोन एकूण २० ते २५ अंश, तोंडाला गोलाई. बाहेर जाणाऱ्या भागाचा (डिफ्यूजरचा) कोन एकूण ७ अंशांच्या आसपास, इथे घाई नको. ७ अंशांनी २० मिमीवरून ४५ मिमीपर्यंत जायला साधारण २०० मिमी लांबी लागते. जागा नाही म्हणून हा भाग १०० मिमीत आटोपतात, मग हवा भिंत सोडते आणि घशात गमावलेला दाब परत मिळत नाही. जागा चासीवाल्यांकडून आधीच मागून घ्या, भांडून घ्या.

प्लेनम. सिंगलचा सगळा खेळ इथे आहे. व्हॉल्यूम छोटं ठेवलं तर वर सांगितलेले झटके थेट रिस्ट्रिक्टरपर्यंत पोचतात. फार मोठं ठेवलं तर थ्रॉटल प्लेनमच्या आधी असल्याने पेडल सोडल्यावरही आत भरलेली हवा इंजिनाला मिळत राहते आणि ड्रायव्हर म्हणतो गाडी ढकलते. अडीच ते चार लिटरच्या मध्ये सुरुवात करा. प्लायवुड-फायबरचा साधा टेस्ट प्लेनम बनवा ज्याच्या आत ठोकळे टाकून व्हॉल्यूम कमी-जास्त करता येईल, आणि डायनोवर तीन व्हॉल्यूम चालवून बघा. सिम्युलेशन असेल तर उत्तम, पण बेसलाइनशी जुळवून घेतल्याशिवाय सिम्युलेशनच्या ग्राफवर विश्वास ठेवू नका.

ताकद विसरू नका. थ्रॉटल बंद असताना प्लेनममध्ये बाहेरच्यापेक्षा ६० किलोपास्कल कमी दाब सहज होतो. १० बाय २० सेंटिमीटरच्या सपाट भिंतीवर हा जोर १२० किलो वजनाएवढा येतो! म्हणून सपाट भिंती टाळा, गोलाई द्या, नाहीतर रिब द्या. थ्रीडी प्रिंट करणार असाल तर पीएलए अजिबात नको, ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि इंजिनाशेजारी तेवढं तापमान कायमच असतं. नायलॉन चालतं, वरून इपॉक्सीचा थर द्या, प्रिंट बारीक गळतो.

रनर. हिशोब असा. पिस्टन सगळ्यात जोरात खाली जातो तेव्हा रनरमध्ये कमी दाबाची लाट निघते, प्लेनमच्या तोंडाशी पोचून जास्त दाबाची होऊन परत येते. ती व्हॉल्व्ह बंद व्हायच्या जरा आधी पोचली पाहिजे. ८००० आरपीएमला एक अंश म्हणजे ०.०२ मिलिसेकंद. व्हॉल्व्हपासून प्लेनमच्या तोंडापर्यंत ३०० मिमी असेल तर लाटेला जाऊन यायला १.७ मिलिसेकंद, म्हणजे साधारण ८३ अंश लागतात. ३८० मिमी असेल तर १०५ च्या आसपास. पहिला अंदाज म्हणून ३०० ते ३८० च्या मध्ये घ्या आणि २० मिमीचे स्पेसर करून डायनोवर लांबी बदलत जा. ही लांबी मोजताना सिलिंडर हेडमधला पोर्टही धरायचा, हे बरेच जण विसरतात. रनरचं प्लेनममधलं तोंड बेलमाउथ पाहिजे, आणि समोरच्या भिंतीपासून निदान एक व्यास लांब.

तपासा: इंजिन आयडलला असताना इनटेकच्या तोंडावर जाड रबर पॅड दाबा (हात नाही, आणि चष्मा लावा). इंजिन लगेच बंद पडलं पाहिजे. चालू राहिलं तर कुठेतरी हवा गळतेय, स्क्रुटिनीलाही अडकाल आणि ट्यूनिंगही कधी जुळणार नाही. मग फुल थ्रॉटलला ९००० आरपीएमवर प्लेनमचा सरासरी दाब बघा. बाहेरच्या हवेपेक्षा ५-६ किलोपास्कलहून जास्त खाली असेल तर डिफ्यूजर किंवा व्हॉल्यूममध्ये गडबड आहे, मागे जा.

## टप्पा ५: एक्झॉस्ट आणि आवाज

पाइपच्या लांबीचाही इनटेकसारखाच लाटांचा हिशोब आहे, एक-दोन लांब्या करून बघा, पण खरी अडचण आवाजाची असते. टेस्ट पिस्टनच्या सरासरी १५.२५ मीटर प्रति सेकंद वेगाला होते. ६० मिमी स्ट्रोकला हे ७६२५ आरपीएम येतं, पाचशेच्या पटीत गोल करून ७५००. तिथे ११० डेसिबल सी, आयडलला १०३, माइक आउटलेटपासून अर्धा मीटरवर ४५ अंशांत. घरीच याच मापाने मोजा आणि किमान दोन डेसिबल हातात ठेवा, कारण मफलरची लोकर चालवता चालवता जळत जाते. मीटर सी वेटिंगवर आहे ना ते बघा, ए वर ठेवून खूश झालेल्या टीम्स इव्हेंटला जाऊन रडतात.

मफलर फायनल झाल्याशिवाय मॅपिंग (कुठल्या आरपीएमला किती पेट्रोल आणि कधी ठिणगी याचा तक्ता भरणं) सुरू करू नका. मफलर बदलला की मॅप बदलला.

## टप्पा ६: ईसीयू आणि मॅपिंग

स्टॉक ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) तुमच्या इनटेकचं काही माहीत नाही, त्यामुळे प्रोग्रामेबल ईसीयू लागतोच, कुठला ते बजेटप्रमाणे. क्रम असा ठेवा.

१. ट्रिगर. क्रँक सेन्सरची पोलॅरिटी उलटी असेल तरी इंजिन चालू होतं आणि आयडलला ठीक वाटतं, पण आरपीएम वाढला की टायमिंग सरकतं. टायमिंग ईसीयूत १० अंशांवर लॉक करा आणि टायमिंग लाइटने २००० ला, ५००० ला, ८००० ला बघा. खूण जागेवरच दिसली पाहिजे. हे न करता इग्निशन मॅपला हात लावलात तर सगळा मॅप खोट्या पायावर आहे.

२. लोडसाठी थ्रॉटल पोझिशन आणि आरपीएम यांचा टेबल वापरा. सिंगलमध्ये दाबाचा सिग्नल नाचतो. पण या पद्धतीला बाहेरच्या हवेचा दाब कळत नाही, म्हणून बॅरोमेट्रिक करेक्शन चालू ठेवा. पुणे साधारण ५६० मीटरवर, कोइम्बतूर त्याच्या खाली, तिथे हवा दोनेक टक्के दाट, म्हणजे करेक्शन नसेल तर पुण्यात जुळवलेला मॅप तिथे तेवढा लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) जातो.

३. वाइडबँड लॅम्डा, म्हणजे एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर. एक्झॉस्टच्या जॉइंटला गळती असेल तर तो खोटं लीन दाखवतो, मिसफायर झाला तरी लीन दाखवतो, कारण न जळलेला ऑक्सिजन त्याला दिसतो. लीन दिसलं की लगेच पेट्रोल वाढवू नका, आधी जॉइंट आणि प्लग बघा.

४. बोलायचं लॅम्डामध्येच (१.० म्हणजे हवा-पेट्रोलचा समतोल, त्याखाली रिच म्हणजे पेट्रोल जास्त), एअर-फ्युएल रेशोमध्ये नाही. पंपावर आता ई-२० मिळतं, त्याचा समतोल १४.७ नसून साधारण १३.५ आहे. जुना १२.८ चा आकडा धरून ट्यून केलं तर तुम्हाला वाटतं रिच आहे, प्रत्यक्षात जेमतेम असतं. फुल थ्रॉटलला लॅम्डा ०.८७ ते ०.९०, पार्ट थ्रॉटलला १.० च्या जवळ, आणि पेडल सोडल्यावर फ्युएल कट. एफिशियन्सीचे मार्क इथेच आहेत. इव्हेंटला कुठलं पेट्रोल मिळणार ते आधी विचारा आणि शेवटचं ट्यूनिंग त्याच्याशी मिळत्याजुळत्या पेट्रोलवर करा.

५. पेट्रोल जुळल्यावर इग्निशन. एकेक अंश पुढे न्या, टॉर्क वाढायचा थांबला की दोन अंश मागे या. या इंजिनाचं कॉम्प्रेशन आधीच १२ च्या वर आहे, गरम इनटेकवर नॉक (पेट्रोल अवेळी, धडाक्यात जळणं) लवकर येतो. सकाळच्या गारव्यात जुळवलेलं टायमिंग दुपारी इंजिन फोडू शकतं, म्हणून इनटेक तापमानाचं करेक्शन भरा.

सावध: एका पुलमध्ये एकच गोष्ट बदला. पेट्रोल आणि टायमिंग दोन्ही हलवून टॉर्क वाढला तर कशाने वाढला ते कळत नाही.

## टप्पा ७: गिअरिंग

फुकटातली पॉवर इथे आहे आणि टीम्स स्टॉक स्प्रॉकेट लावून मोकळ्या होतात. १८ इंची टायरचा परीघ १.४३ मीटर. ११० किमी वेगाला चाक मिनिटाला १२८० च्या आसपास फेरे मारतं. ९००० आरपीएमला तिथे पोचायचं असेल तर क्रँकपासून चाकापर्यंत एकूण रेशो ७ लागतो. प्रायमरी आणि गिअरचे दात मॅन्युअलमधून घ्या, हा ७ चौथ्या गिअरला यावा की तिसऱ्याला ते तुमच्या टॉर्क ग्राफवरून ठरवा आणि मागचं स्प्रॉकेट त्याप्रमाणे काढा. ७५ मीटरच्या ॲक्सलरेशनमध्ये एक शिफ्ट वाचला तरी तो नव्या कॅमपेक्षा जास्त देतो. दोन-तीन दातांच्या फरकाची स्प्रॉकेट्स करून घ्या आणि ट्रॅकवर टाइम घ्या.

## टप्पा ८: कॅम, कॉम्प्रेशन, टर्बो

आता विचारा. आणि बहुतेक वेळा माझं उत्तर नाही असंच असतं. जास्त ओव्हरलॅपचा (दोन्ही व्हॉल्व्ह जास्त वेळ एकत्र उघडे ठेवणारा) कॅम रिस्ट्रिक्टरच्या मागे वरच्या आरपीएमला श्वास घेत नाही आणि खालचा टॉर्क घालवतो. कॉम्प्रेशन वाढवलं तर आपल्या पेट्रोलवर टायमिंग मागे घ्यावं लागतं, जे मिळवलं ते गेलं.

टर्बोचं गणित कागदावर खरंच छान दिसतं, कारण सेकंदाला ४० ग्रॅम हवा शिल्लक आहे. पण सिंगलचे एक्झॉस्टचे झटके टर्बाइनला तुटक मिळतात, तेलाची लाइन वाढते, उष्णता वाढते, रिस्ट्रिक्टर-थ्रॉटलचा क्रम नियमात बदलतो, कॉम्प्रेशन उतरवावं लागतं. टप्पा ३ चा ऑइल ग्राफ स्वच्छ असेल, एक पूर्ण स्पेअर इंजिन असेल आणि स्पर्धेला निदान एक वर्ष बाकी असेल तरच हात घाला.

## टप्पा ९: पूर्ण एन्ड्युरन्स, घरीच

२२ किलोमीटर, मध्ये ड्रायव्हर बदल, इंजिन बंद, तीन मिनिटं तसंच उन्हात उभं, आणि मग स्टार्ट. हा गरम स्टार्ट बऱ्याच गाड्यांना संपवतो. पाणी फिरायचं थांबतं, हेडमधली उष्णता वर येते, फ्युएल रेलमध्ये वाफ होते, स्टार्टरवर बॅटरी उतरते. क्रँकिंगचं पेट्रोल गरम इंजिनासाठी वेगळं भरा, इंजिन बंद झाल्यावरही फॅन आणि वॉटर पंप थोडा वेळ चालता येईल का ते रूलबुकमध्ये आणि वायरिंगमध्ये बघा.

ही टेस्ट दुपारी करा, सकाळी नाही. संपल्यावर ऑइल फिल्टर कापून उघडा आणि कागद चुंबकाने आणि उजेडात बघा. चकचकीत कण असतील तर बेअरिंग बोलतंय, इंजिन उघडा. कण नसतील तर लीक-डाउन परत करून टप्पा २ च्या आकड्याशी लावा.

हे दोनदा नीट झालं की फ्रीझ. त्यानंतर नवीन आयडिया कितीही भारी वाटली तरी ती पुढच्या वर्षीच्या वहीत. मॅप दोन लॅपटॉपवर आणि एका पेनड्राइव्हवर ठेवा, फाइलच्या नावात तारीख टाका, आणि ट्रकमध्ये सामान भरताना रनरचे गॅस्केट, दोन प्लग, क्रँक सेन्सर, रेडिएटर कॅप, मफलरची लोकर आणि रिस्ट्रिक्टरचा गो-नोगो गेज (भोकाचं माप तपासायचा) एकाच डब्यात भरा, कारण स्क्रुटिनीच्या रांगेत हेच आधी मागितलं जातं आणि रात्री कोइम्बतूरमध्ये केटीएमचं दुकान शोधत फिरायला वेळ नसतो.